कामवाल्यांसाठी बंद

चिकलठाण्याच्या त्या सोसायटीच्या फाटकावर सकाळी साडेसातलाच ऊन चटका देऊ लागलं होतं. वॉचमनबाई चतुराबाई कामाला येणाऱ्या बायांची नावं वहीत लिहीत होती. तीन वर्षं ती इथं होती. गाड्या, मीटर, पाण्याची मोटार यांवर नजर कशी ठेवायची, हे एजन्सीनं तिला शिकवलं होतं. माणसाच्या जिवाचं काही शिकवलं नव्हतं.

मागच्या महिन्यात खालून एक मोटारसायकल चोरीला गेली. चोर काही सापडला नाही, पण नियम वाढले. कामवाल्यांना लिफ्ट बंद झाली. पार्किंगमधल्या संडासाला कुलूप लागलं आणि वर पाटी आली, 'सुरक्षेच्या कारणास्तव'. घरांमधले संडास त्यांना आधीपासूनच बंद होते. त्याचं कारण कुठल्या पाटीवर नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

ते कुलूप चतुराबाईनंच लावलं होतं. तिला स्वतःपुरतं ते उघडायची मुभा होती. तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं.

"आपा, खोल दो ना," जैतुनबी रोज म्हणायची. "पाँच घर करते करते दोपहर हो जाती."

"नोकरी जाईल गं माझी," चतुराबाई वहीतून मान वर न करता म्हणायची.

पाचोडकडची भामाबाई मात्र कधी काही मागत नसे. साठी उलटलेली बाई. एकदा चतुराबाईनं पाण्याची बाटली पुढं केली, तर ती म्हणाली, "नको माय. पाणी पेलं की जावं लागतं. मी घरून बी घोटभर घेत नाय."

सोमवारी चौथ्या मजल्याच्या जिन्यात भामाबाई कोसळली. अंग तापानं फणफणलेलं. चतुराबाईनं तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लघवी तुंबवून संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलाय. या पाणी का पीत नाहीत?"

 संडासाची किल्ली चतुराबाईच्याच कमरेला होती.

भामाबाई वाचली, पण पुन्हा कामाला उभी राहील असं कुणी सांगेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी चतुराबाईनं कुलूप काढलं. नऊ वाजता सोसायटीचे सेक्रेटरी बद्रीनाथराव तरातरा खाली आले.

"कुणाला विचारून उघडलं?"

"कुणालाच नाय."

"अहो, इथं दोनशे माणसांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे!"

"त्या दोनशात भामाबाई धरली व्हती का, साहेब?"

 चतुराबाई तेवढ्यावर थांबली नाही. "चोर आला तर मी आडवी पडंन. पण बाईमाणसाच्या संडासाला कुलूप लावून राखण करनं मला जमायचं नाय."

"मग उद्यापासून येऊ नका."

"आजची ड्यूटी संध्याकाळपर्यंत हाय. तंवर दार उघडंच राहील."

बुधवारी सकाळी नवा वॉचमन आला आणि कुलूपही परत लागलं. पण बारा बाया फाटकाबाहेरच थांबल्या. साध्या लुगड्यातली चतुराबाई त्यांच्यात होती. वर खरकटी भांडी साचत होती, फोन वाजत होते.

दहाच्या सुमारास तनुजाताई खाली आल्या. भामाबाईनं सहा वर्षं त्यांच्याच घरी भांडी घासली होती.

"माझ्या घरचं बाथरूम वापरा ना तुम्ही," त्या हळूच म्हणाल्या. "मी कुणाला सांगणार नाही."

"चोरून नको, ताई," चतुराबाई म्हणाली. "आमच्यात येऊन उभ्या ऱ्हाता का? समद्यांदेखत?"

तनुजाताईंनी वर खिडक्यांकडं पाहिलं. प्रत्येक खिडकीत कुणी ना कुणी होतं. फाटक उघडंच होतं. त्या अजून आतल्या बाजूला उभ्या होत्या.