धंद्याच्या जेवणातला भुरका

चहाच्या कंपनीचा कारभार लेकीने हातात घेतल्यानंतरचं हे पहिलंच मोठं जेवण. पाहुण्या होत्या डझनभर हॉटेलं चालवणाऱ्या एक मालकीणबाई, आणि जेवण त्यांच्याच एका हॉटेलात होतं. त्यांची ऑर्डर मिळाली तर कंपनी तगणार, नाहीतर दाराला कुलूप. आणि लेकीला धास्ती एकाच माणसाची, ती म्हणजे बाबांची.

बाबा जन्मभर चहा चाखत आलेले, लेकही त्यांच्याच हाताखाली शिकलेली. चाखणारा माणूस चहा पीत नाही. चमचाभर जोरात ओढतो, जिभेवर घोळवतो आणि शेजारच्या भांड्यात थुंकतो. कामाच्या खोलीत हे ठीक, पण बाबा घरी सूपसुद्धा तसंच ओढायचे.

"बाबा, भुरका मारायचा नाही. पाहुण्यांच्या आधी घास उचलायचा नाही. आणि जेवण होईपर्यंत धंद्याचा चकार शब्द बोलायचा नाही."

"मग मी येऊ कशाला? माझा फोटो ठेव खुर्चीवर."

पण आले, आणि अगदी शहाण्यासारखे वागले. खिडकीजवळची जागा मालकीणबाईंना दिली, त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी केली, सूप बिनआवाजी संपवलं. लेकीचा जीव भांड्यात पडला.

जेवणं आटोपली, चहा आला. मालकीणबाई म्हणाल्या, "आता कामाचं बोलू. आमच्या हॉटेलातला हा चहा कसा वाटतो?"

झालं. कामाचा प्रश्न कानावर पडला आणि लेकीचा हात आपसूक चमच्याकडे गेला. असा दणदणीत भुरका, की पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. घोट जिभेवर घोळला आणि तिने तो सरळ समोरच्या फुलदाणीत थुंकला. मग तिला आपण कुठे बसलोय ते आठवलं. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं.

बाबांनी शांतपणे फुलदाणी स्वतःकडे ओढली, तिच्याहून मोठा भुरका मारला आणि तेही थुंकले. "पत्ती शिळी आहे," ते म्हणाले. "बरोबर ना गं?"

पत्ती शिळी आहे हे त्यांना नुसत्या वासानेच कळलं असणार. लेकीला एकटीला लाजावं लागू नये, म्हणून ते थुंकले होते. तिचे डोळे भरून आले. चार लोकांत यांची लाज वाटेल म्हणून आपण आठवडाभर धड झोपलो नाही, याचीच तिला आता लाज वाटली.

मालकीणबाईंनी स्वतःचा चमचा उचलला.

"मला नीट दाखवा. माझ्या हॉटेलांतला चहा आता तुम्हीच बघणार, तर मलाही थोडं थुंकता यायला हवं."