वाळूत राहिलेली काच

चाँदपाशांनी शटर कंबरेपर्यंत उचललं, वाकून आत गेले आणि आतूनच ते वर ढकललं. साडेनऊ झाले होते. पायरीवर दोन तांबे पाणी मारून त्यांनी काउंटर पुसला, आरशावरचं फडकं काढलं आणि वाळूच्या शेगडीचं बटण पहिल्या खुणेवर आणलं. पसरट भांड्यातली बारीक वाळू तापायला दहा मिनिटं लागत. तापल्या वाळूत चष्म्याची फ्रेम खुपसली की ती मऊ होते आणि भिंग अलगद सुटतं. धाराशिवात आता सगळे प्लास्टिकची तयार भिंगं मागवत. काचेचं भिंग दगडी चाकावर घासून बसवणारे चाँदपाशा एकटेच उरले होते. घासून झालं की भिंगाच्या कडेला, फ्रेमच्या आड लपेल अशा जागी, ते कानशीने दोन बारीक खाचा मारत. आपलं काम कधी परत आलं तर ते आपल्याला ओळखू यावं, एवढ्यासाठीच.

त्यांच्या थोरल्या मुलाला, सोहेलला, जाऊन आज एकवीस दिवस झाले होते.

“चाचा.”

पायरीवर शिवानंद उभा होता. औद्योगिक वसाहतीत मसाले निर्जंतुक करायचा कारखाना आहे, तिथे तो आणि सोहेल एकाच पाळीला असत. सोहेल बारा दिवस सोलापूरच्या दवाखान्यात होता. केस गळाले, तोंड आतून सोलून निघालं, पाणीही उतरेना. शिवानंद एकदाच आला आणि दारातूनच परतला. दफनाला तर आलाच नाही.

त्याने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि काउंटरवर सोडली. आत सोहेलचा चष्मा होता. फ्रेम तीच, डाव्या काडीला चावल्याची खूणही तीच. भिंगं मात्र कोऱ्या चहासारखी गडद तपकिरी झाली होती.

“ह्याला रंग कुणी दिला?”

“कुणी न्हाय. तुमी आधी बघा.”

चाँदपाशांनी फ्रेम वाळूत धरली. उजवं भिंग अंगठ्याने दाबताच हातात आलं. डावं निसटून वाळूत पडलं, ते त्यांनी तसंच राहू दिलं. उजव्याच्या कडेवर दोन खाचा होत्या. त्यांनी ते ओल्या चाकावर धरलं. काजळी असती तर पुसली गेली असती, रंग असता तर पापुद्र्यासारखा निघाला असता. घासलेली कड त्यांनी उजेडात धरली. ती आतूनही तेवढीच तपकिरी होती.

“हे वरून लागलेलं न्हाय.”

“कोबाल्टच्या किरणांनी झालंय, चाचा. किरणं काचेत घुसली की तिची आतली बांधणी विस्कटते. कण आपली जागा सोडून भलतीकडंच अडकून बसतात, म्हणून हा रंग. लईच मारा झाला तर काच आकसून दाटबी होते, पण डोळ्याला कळणार न्हाय एवढीच.”

“अन् माणूस?”



कारखान्याचं म्हणणं होतं की सोहेल किरणांच्या खोलीत गेलाच नव्हता; त्याचं रक्त आधीपासूनच बिघडलेलं होतं.

“हा सापडला कुठं?”

“त्याच खोलीत. खोकी नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याखाली. काल तपासणीसाठी सगळं बंद केलं, तवा म्या झाडायला गेलो.” शिवानंद भराभर बोलू लागला, थांबलो तर पुन्हा बोलता येणार नाही असा. “मिरचीपुडीची खोकी पट्ट्यावर अडकायची. दरवेळी यंत्र थांबवायला नको म्हणून साहेबांनी दाराच्या खटक्याला तार बांधायला लावली होती. दार उघडं असलं तरी यंत्राला बंदच वाटायचं. त्या दिवशी सोहेल खोकं काढायला आत गेला. मला ठाव नव्हतं, चाचा. किरणांचं बटण म्या दाबलं. मिनिटभरानं तो पळत भाईर आला, हसत होता. म्हणला, चष्मा आतच पडला रे, अब्बांना सांगू नको, नवा करायला बसतील.”

चाँदपाशांचा हात शेगडीच्या बटणावर होता. ते बटण त्यांनी मुठीत आवळलं आणि टोकापर्यंत पिळलं. काय पिळतो आहोत याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

“बारा दिवस,” ते म्हणाले. “डॉक्टर विचारत होते, कशानं झालं म्हणून. बारा दिवस तू गप बसलास.”

“साहेब म्हणले, तूच जेलात जाशील.”

“मग जा की!”

हे दारातून आलं. शिवानंदची गाडी ओळखून माज गॅरेजमधून उठून आला होता आणि दारातून सगळं ऐकत होता. सोहेलचा धाकटा भाऊ. हातात चाकाचा पाना तसाच होता.

“दफनाला यायला पाय नव्हते तुला, अन् दुकानात यायला फुटले व्हय रे?”

पहिला घाव शिवानंदने मनगटावर घेतला. हाड मोडल्याचा आवाज स्पष्ट आला. दुसऱ्याने फ्रेमांचं कपाट फुटलं आणि काचेचा सडा दोघांवर पडला. माजने त्याला गळ्याला धरून त्याच काचांवर लोळवलं. शिवानंद ओरडला नाही; चांगला हातही त्याने उचलला नाही. बराच वेळ चाँदपाशा पाहत उभे राहिले. मग पाना पुन्हा वर गेला, आता डोक्याच्या रोखाने, तेव्हा त्यांनी तो हवेतच धरला. तळहात फाटला. रक्त माजच्या बाहीवर ओघळलं आणि ते पाहून माज थांबला.

दुकानात करपल्या वाळूचा वास भरला होता.

चाँदपाशांनी शेगडी बंद केली आणि चिमट्याने वाळू उपसली. डावं भिंग वर आलं. ते स्वच्छ होतं. बसवलं त्या दिवशी होतं तसंच, पाण्यासारखं.

माजने चिमट्याकडे पाहिलं. “बघा, साफ तर हाय! ह्यो रंग फासून आणतो अन् कहाण्या सांगतो.”

“ताप बसला की अडकलेलं सुटतं,” शिवानंद जमिनीवरूनच म्हणाला. “रंग जातो. चाचा, दुसरं सांभाळा. तपासणीला आलेले मुंबईचे अधिकारी विश्रामगृहावर हायेत. एक वाजता निघणार.”

काउंटरवर उजवं भिंग तपकिरीच होतं. आता तेवढंच एक उरलं होतं. चाँदपाशांनी ते कापसात गुंडाळून डबीत ठेवलं.

“ह्याला मी आज जित्ता सोडत न्हाय, अब्बा.”

“बरं. आधी माझ्या हाताला काही बांध. मागच्या खोलीत पट्ट्यांचा डबा आहे.”

माजने पाना काउंटरवर ठेवला आणि तो मागच्या खोलीत गेला. चाँदपाशांनी शिवानंदला काखेत धरून उठवलं, पायरीवर आणलं, आणि शटर खाली ओढून कुलूप लावलं.

“अब्बा!” आतून पाना पत्र्यावर आदळू लागला. “अब्बा, उघडा! तुमचा पोरगा कोण, तो का मी?”

शेजारचे दुकानदार बाहेर आले. चाँदपाशांनी किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली.

“तिथं मला सांगावं लागंल, चाचा,” शिवानंद म्हणाला. “बटण कुणी दाबलं ते.”

“सांग. अन् तार कुणी बांधायला लावली तेबी सांग.”

ऊन चढलं होतं. चाँदपाशांनी डबी छातीशी धरली, तिच्यावर रक्ताळलेला तळहात झाकला आणि सावलीची बाजू धरून ते शिवानंदबरोबर विश्रामगृहाकडे चालू लागले.