मधल्या पाण्यात हात नाही

मित्रांनो, मी एक जुना हौद आहे. साधासुधा नव्हे! सिमेंटचा, तीन खणांचा, आणि इतका वजनदार की मला हलवायचं म्हणजे फोडावंच लागेल. आमच्या केत्साल्तेनांगो शहरात घरोघरी माझे भाऊबंद आहेत. मधल्या खोल खणात स्वच्छ पाणी साठवायचं आणि दोन्ही बाजूंच्या खाचाखाचांच्या उतारांवर कपडे घासायचे, ही आमची रीत. मधलं पाणी वाडग्यानेच घ्यायचं, त्यात हात बुडवायचा नाही.

त्रान्सितोबाईंनी मला अंगणात बांधून घेतलं. त्यांची एलुविया आणि धाकटा रिगोबेर्तो माझ्या अंगाखांद्यावर वाढले. चिखलाचे हात घेऊन ती पोरं आली की बाई गरजत, "मधल्या पाण्यात हात नाही!" शेजारणी म्हणत, "काय गार पाणी असतं हो तुमच्याकडे!" मी फुशारून जायचो.

पुढे कपडे धुण्याचं मशीन आलं आणि माझ्याकडे कुणी फिरकेना. माझ्या उतारांवर रंगाचे रिकामे डबे साठले. फार वाईट वाटायचं. बाई गेल्या, वाटणी झाली. रस्त्याकडच्या खोल्या रिगोबेर्तोला गेल्या, तिथे त्याने चपलांचं दुकान थाटलं. एलुवियाच्या वाट्याला मागचं अंगण, रस्त्यापर्यंतचा अरुंद बोळ आणि मी आलो.

एलुविया चर्चच्या पायऱ्यांवर फुलं विकायची. दुपारच्या उन्हात फुलं माना टाकायची आणि गिऱ्हाईक नाक मुरडायचं. शेवटी तिने अंगणावर पत्रा घातला. सर्व संतांच्या सणाला सारं शहर झेंडू घेऊन आपल्या माणसांच्या थडग्यांवर जातं, त्याआधी इथेच दुकान उघडायचं असं तिने ठरवलं. सणाला दुकान चाललं तर चाललं, नाहीतर पुन्हा त्याच पायऱ्या.

"ताई, त्या बोळात मांजरसुद्धा वाट चुकूनच येतं," रिगोबेर्तो हसला. "हौद आहेच, तर फुलं धुऊन वाळत घालणार का?"

"तू तुझ्या चपला सांभाळ!" ती फणकारली. पण तो गेल्यावर माझ्या काठावर बसून तिने डोळे पुसले. मला तिची फार माया आली.

दुकानाची मांडणी करायला पुढे आली ती रिगोबेर्तोचीच मुलगी, नीनेत. ती सजावटीचं शिकलेली होती. तिच्या नकाशात काचेचं कपाट होतं, फळ्या होत्या, गोल टेबल होतं. मी मात्र कुठेच नव्हतो.

"आत्या, ह्याने निम्मी जागा खाल्लीय. फोडावाच लागेल."

"फोड बाई," एलुविया म्हणाली, पण माझ्याकडे बघून नाही.

गवंडी कातारिनो घण घेऊन आला. पहिल्याच घावाला माझा एक कोपरा उडाला. मी मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेतला.

"थांबा!" एलुविया ओरडली. "आधी माझी फुलं तरी उचलू द्या!"

काचेचं कपाट अजून यायचं होतं, म्हणून उरलेली फुलं तिने माझ्यात ठेवली होती. तीही कशी? देठांनी मधलं पाणी घाण होऊ नये म्हणून त्या रंगाच्या डब्यांत फुलं भरून ते डबे पाण्यात गळ्यापर्यंत उभे केलेले. आईची शिस्त ती विसरली नव्हती. नीनेत डबे उचलायला वाकली आणि थबकली.

"आत्या, ही आजची ना?"

"छे गं, परवाची. आजची ती भिंतीशी आहेत."

भिंतीशी, तापल्या पत्र्याखाली, आजच्या लिली केव्हाच मलूल झाल्या होत्या. माझ्यातल्या परवाच्या ताठ उभ्या होत्या.

"कातारिनोकाका, घण ठेवा खाली."

"मग मी आलो कशाला?"

"वरचा पत्रा कापायला. बरोब्बर ह्याच्या डोक्यावर. तिथे दुधी पत्रा बसवायचा. ऊन नको, नुसता उजेड हवा."

नीनेतने नकाशाचा कागद उलटला आणि पहिली रेघ माझीच काढली! डाव्या उतारावर देठांची पानं काढायची, खाचांतून पाणी आपोआप निथळणार. उजव्यावर गुच्छ बांधायचे. फळ्या ठेंगण्या आणि कडेला, म्हणजे रस्त्यावरून बोळात डोकावणाऱ्याची नजर थेट माझ्यावर यावी.

"भिंती गडद हिरव्या? दुकान आहे की शेवाळं?" एलुविया कुरकुरली. "मला गुलाबी हव्यात."

"गुलाबी भिंतीवर तुझे गुलाब दिसणार कुठे, आत्या?"

सणाच्या आदल्या दिवशी माझ्यात झेंडूचे डबे खच्चून भरले. वरून उजेड उतरला आणि अंधाऱ्या बोळाच्या टोकाला मी झळकू लागलो. आधी एक बाई डोकावली, मग तिची बहीण, मग रांगच लागली. ती रांग चपलांच्या दुकानावरून पुढे वळली. मला तर आनंदाने तडा जायचा बाकी होता!

रांगेत रिगोबेर्तोही होता. "आईसाठी झेंडू दे, ताई," तो खाली बघत म्हणाला.

"नुसता उभा काय राहतोस? पानं काढ देठांची!"

त्याने डाव्या उतारावर देठांची पानं खुडली. हात चिकट झाले, तसे त्याने सवयीने मधल्या खणाकडे नेले.

"मधल्या पाण्यात हात नाही!" एलुविया गरजली.

तो हुबेहूब त्रान्सितोबाईंचा आवाज होता. रिगोबेर्तोचे डोळे भरून आले आणि तो खदखदून हसला. त्याने वाडगं उचललं.

"जिंकलीस, ताई," तो म्हणाला.

एलुविया त्यानंतर पायऱ्यांवर बसायला कधीच गेली नाही. माझा उडालेला कोपरा तिने लिंपू दिला नाही. तिथे रोज एक डबा झेंडू असतो, आईच्या नावाचा. मित्रांनो, तुमच्या घरातही असं कुणीतरी जागा अडवून बसलेलं असेल. घण उचलण्याआधी त्यात एकदा पाणी भरून बघा. आणि माझ्याकडे आलात तर खुशाल पाणी घ्या, पण वाडग्याने.