आठ मिनिटांची सावली

थोरली गप्प होऊन दोन दिवस झाले होते. थोरली आणि धाकटी हे शेजारशेजारच्या कक्षांत फिरणारे दोन जुने उपग्रह; ही नावं मास्तरांनी ठेवलेली. नियंत्रण कक्षातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच काम शिकवलं होतं, म्हणून ते मास्तर. बैठकीत मुख्य साहेब म्हणाले, "बॅटरी म्हातारी झाली होती. व्हायचंच." सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाकडेच बोट दाखवायला लागू नये, याच्यासारखं सुख नाही!

सावल्यांचं गणित सांभाळणाऱ्या तरुण इंजिनीअर मुलीने मात्र मान डोलावली नाही; ती आपला प्रोग्राम उघडून बसली.

उपग्रह पुढे कुठे कुठे असेल हे त्यांचा प्रोग्राम आधीच मोजून ठेवायचा आणि वाटेत ठरावीक वेळाने पाहायचा, सूर्य दिसतोय का? मघाशी दिसत होता आणि आता दिसत नाही, असं झालं तरच तो मागे जाऊन उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरण्याचा नेमका क्षण शोधायचा. पूर्वी तो दर मिनिटाला पाहायचा. पण महिन्याभराचं गणित करायला अख्खी सकाळ जायची, सगळे कटकट करायचे, म्हणून तिनेच एकाची दहा मिनिटं केली होती. थोरलीची या हंगामातली पहिली सावली आठ मिनिटांची निघाली. या वेळी पाहिलं तर ऊन, पुढच्या वेळी पाहिलं तरी ऊन. मधल्यामध्ये सावली येऊन गेली आणि प्रोग्रामला पत्ताच नाही. सावलीत ऊन नाही, सगळा भार बॅटरीवर, म्हणून आधी ट्रान्समीटर बंद करायचा असतो; पण पत्ताच नाही तर तो कोण बंद करणार? थकलेल्या बॅटरीने मान टाकली.

धाकटीचं गणितही त्याच आकड्यावर चाललं होतं, आणि तिची पहिली सावलीही आज-उद्यातच येणार होती. गुपचूप आकडा बदलावा, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण सावल्यांच्या यादीत एकाएकी नवी सावली उगवली की लोक विचारणारच. ती उठून मास्तरांकडे गेली.

"सर, थोरली बॅटरीमुळे नाही गेली. माझ्यामुळे गेली."

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. अकरा वर्षं कामावर आल्या आल्या आधी थोरलीची विचारपूस करणारा माणूस. त्यांचा चेहरा पार उतरला. "दर मिनिटाला पाहायला लाव," ते म्हणाले. "फक्त आजचं चालव. आत्ता."

तिने गणित चालवलं. धाकटीची सावली आजच, तीन चाळीसला होती. घड्याळात तीन सतरा. दुखऱ्या गुडघ्यांनिशी मास्तर स्वतः आदेश पाठवणाऱ्यांकडे धावत गेले आणि त्यांनी धाकटीचा ट्रान्समीटर बंद करायला लावला.

सावली सरली, ट्रान्समीटर पुन्हा सुरू झाला आणि चार वाजता धाकटीचा संदेश आला. खोलीत टाळ्या पडल्या. तिला रडू आवरेना. परवाची आठ मिनिटंही अशीच पाहिली असती तर थोरलीही बोलली असती.

मास्तर मुख्य साहेबांचा अहवाल घेऊन तिच्या टेबलाशी बसले. बॅटरीचं वय हे कारण त्यांनी खोडलं आणि तिथे स्वतःचं नाव लिहिलं.

"सर, हे काय? आकडा मी बदलला. माझं लिहा."

"लिहितो. तुझं दुसरं." त्यांनी वर पाहिलं नाही. "बदल तपासल्याची सही माझी आहे. न वाचता केली मी. तुझं काम होतं म्हणून."