वालेंती गावेन्दा, १९१२ –

ब्रोंकाने कात्री जमिनीलगत घातली आणि थडग्यापुढच्या झुडपाची जाड फांदी कडकन तोडली. हातमोज्याला चीक लागला. अजून सहा-सात फांद्या राहिल्या होत्या.

"मुळापासूनच काढ की," मागून लेशेक म्हणाला. तिचा धाकटा भाऊ, साठीला टेकलेला, हात कोटाच्या खिशात. "दहा वर्षं ताता कुणाला याला हात लावू देत नव्हते. आता कोण ओरडणारेय?"

"हळू बोल."

"का, ऐकतील?"

ती हसली नाही. जानेवारीत वडिलांना, तातांना, इथे आईशेजारी पुरलं त्या दिवशीही तिला काही झालं नव्हतं. फादर प्रार्थना म्हणत होते आणि ती शेजारच्या दगडावरच्या अक्षरांमधलं अंतर डोळ्यांनी मोजत होती. घरी येऊन तिने उभ्याउभ्या लोणच्यातल्या काकड्यांची अख्खी बरणी संपवली. तेव्हापासून तीन महिने हे असंच. उठायचं, दुकान उघडायचं, बंद करायचं.

दुकान दफनभूमीच्या फाटकासमोरच होतं. युद्धानंतर निर्वासितांच्या छावणीतून बायको आणि दोन वर्षांची ब्रोंका घेऊन वालेंती गावेन्दा शिकागोला उतरले. सहा वर्षं कत्तलखान्यात राबले आणि मग थडग्यांच्या दगडांचं दुकान टाकलं. नवरा गेला की बाया जोडदगड घ्यायच्या. आपलंही नाव, जन्मसाल आणि पुढे '१९' आधीच कोरून ठेवायच्या. तेवढं ताता फुकट करून देत. आई गेली तेव्हा तिच्या नावाखाली त्यांनी स्वतःचंही तसंच कोरलं.

मग साल दोन हजार उजाडलं, आणि धडधाकट म्हाताऱ्या एकेक करून दुकानात यायला लागल्या. दुदोवाकाकू तर काठी आपटत म्हणाल्या होत्या, "गावेन्दा, मी वेळेत मेले नाही हा काय माझा गुन्हा झाला?"

त्या '१९'चा भाग घासून, खोल करून नवे आकडे कोरायचे होते. तोवर तातांनी ब्रोंकाला नुसतं घासायला आणि अक्षरांत सोनेरी रंग भरायला ठेवलं होतं. त्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यांनी छिन्नी तिच्यापुढे ठेवली.

"इथून पुढे तू."

"आणि तुमच्या दगडाचं?"

"माझं मी बघेन."

एवढंच. मग त्यांनी आईच्या दगडाच्या पायथ्याशी हे झुडूप लावलं. शहाण्णव-सत्त्याण्णवाव्या वर्षीही तिने कोरलेल्या प्रत्येक अक्षरावर दोरी धरून बघत. चांगलं झालं असं एकदाही म्हणाले नाहीत. वाईट झालं असंही नाही.

"अजून विचार कर," लेशेक म्हणाला. "तो यंत्राने कोरणारा दोन दिवसांत नवा दगड देतो. रविवारी सगळी मंडळी येणार, फादर दगडावर पवित्र पाणी शिंपडणार. आणि तोच गिऱ्हाइकांना सांगत फिरतोय की म्हातारा गेला, पोरीच्याने काही व्हायचं नाही."

"त्रेसष्ट वर्षांची पोर."

"थट्टा नाही, ब्रोंका. हा एक दगड बघून लोक ठरवतील, दुकानात यायचं की नाही."

"माहितीये मला. कॉफी आण जा."

तो गेला. तिने शेवटची फांदी तोडली, दगडावर पाणी ओतलं, ब्रश फिरवला. आणि थांबली.

'१९' नव्हतं. दगड तिथे खोलगट घासलेला होता आणि त्यात कोरलं होतं '२००'. म्हणजे अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी म्हाताऱ्याने स्वतःला जास्तीत जास्त नऊ वर्षं दिली होती आणि पुन्हा चुकला होता. पण ती बघत राहिली ती आकड्यांकडे. दोनाची मान लुळी. शून्यं एका बाजूने चेपलेली, कड जागोजाग फुटलेली. छिन्नी घसरल्याचे ओरखडे. नवशिक्यानेही असं काम झाकून ठेवलं असतं.

तिने हातमोजा काढला आणि अंगठा पहिल्या शून्यात ठेवला. दगड थंड होता. डोळ्यांत काही आलं नाही. अंगठा मात्र बराच वेळ तिथून निघेना.

सगळंच घासून '२०१०' हे चार नवे आकडे कोरणं अर्ध्या दिवसाचं काम. सरळ, स्वच्छ, रविवारी दुदोवाकाकूंनी चष्मा लावून बघावेत असे. तिने पट्टी लावली, पेन्सिलने रेघ मारली. रेघेकडे पाहिलं. मग ती ओल्या बोटाने पुसली, पट्टी पिशवीत टाकली आणि फक्त शेवटच्या शून्याची जागा घासायला घेतली.

लेशेक आला तोवर कॉफी निवली होती. रस्त्यात कोण कोण भेटलं होतं. तो वाकला.

"ब्रोंका, हे तिरकं झालंय."

"हो."

"हा एकाचा आकडा बघ, पडायला आलाय. आणि शून्यं? अगं, तुझा हात असा नाही."

"थंडी होती."

"रविवारी लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, पोरीला जमत नाही."

तो गुडघ्यावर बसला. त्याने पहिल्या शून्यातून बोट फिरवलं. नखात हिरवट शेवाळ आलं. शेवटच्या शून्यातून दुसरं बोट फिरवलं, तर नुसती पांढरी भुकटी. तो दोन्ही बोटांकडे बघत राहिला.

"चारही तूच कोरलेस?"

ब्रोंकाने ब्रशचं टोक पहिल्या शून्यात घातलं आणि उरलेलं शेवाळ काढून टाकलं.

"चारही," ती म्हणाली.