थोरल्याचा वाटा

दोघा भावांच्या गॅरेजमध्ये पहिला मान थोरल्याचा, मग ती पंख्याखालची खुर्ची असो की डब्यातलं कोंबडीचं तंगडं. कालच्या उरलेल्या रश्शाचा डबा रात्रभर गाडीच्या डिकीत राहिला होता, म्हणून दुपारी धाकटा तो टाकून द्यायला निघाला. थोरल्याला वाटलं, हा एकटाच हादडायला चाललाय. त्याने डबा ओढून घेतला.

"अरे दादा, आंबलंय ते."

"मला दगडही पचतात," म्हणत थोरल्याने बोटं चाटूनपुसून डबा लख्ख केला.

संध्याकाळपर्यंत त्याच्या उलट्या-जुलाबांनी सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दवाखान्यात सलाइन लागल्यावर मात्र गडी उशीला टेकून ऐटीत आईला म्हणाला, "मी खाल्लं म्हणून हा वाचला. थोरला भाऊ असतो कशाला?"

धाकट्याने कपाळाला हात लावला.

सकाळी आईने घरून वाफाळता मऊ भात आणला. थोरल्याने वाटी हुंगली, चमच्याने ढवळली आणि जन्मात पहिल्यांदाच धाकट्यापुढे सरकवली.

"आधी तू खाऊन बघ."

धाकटा स्टूल ओढून बसला आणि वाटीचा तळ दिसेपर्यंत त्याने शांतपणे खात्री करून घेतली.