पाटीचं पाणी

आमच्या धर्मगुरूंना, सेरीन मासांबांना, फ्रेंचांनी देशोधडीला लावलं ते एका पुलापायी. पुलासाठी प्रत्येक गावानं वीस माणसं द्यावीत, असा हुकूम निघाला होता. माणसं गेली. पूल वर येत गेला, माणसं काही वर आली नाहीत. मग जुम्म्याच्या नमाजानंतर सेरीन म्हणाले, "आता पाठवू नका."

या तीन शब्दांना साहेबानं गाबोनची हद्दपारी ठोठावली. शब्दामागे किती वर्षं, ते मात्र सांगितलं नाही.

मलाही त्यांच्याबरोबर धरलं. त्या वेळी मी त्यांची चटई हातात घेऊन उभा होतो, हा माझा गुन्हा.

गाबोनात आम्हाला समुद्र आणि जंगल यांच्यामधल्या चिखलात ठेवलं होतं. बाजरीचा दाणा नाही, रोज उकडलेले कंद. अकरा जण गेलो होतो, सहाव्या वर्षी पाच उरलो. सरकारी डॉक्टरकडची औषधं संपली होती, त्यामुळे आजाऱ्यांची मदार सेरीनच्या पाटीवर होती. लाकडी पाटीवर काजळीच्या शाईनं ते कुराणातली आयत लिहीत. ती धुऊन पाणी आजाऱ्याला पाजायचं. धुण्याचं काम माझं. मला वाचता येत नाही. इतकी वर्षं विद्वानाच्या सावलीत काढली, पण अक्षरांनी मला ओळख दिली नाही. सेरीन म्हणायचे, "मागात, तुझं बरं आहे. वाचलंस म्हणून तुला कुणी धरणार नाही."

त्या मंगळवारी दुभाष्या मातार येऊन सेरीनशी बाहेर बोलत बसला. काय बोलणं झालं ते मला मागाहून कळलं. गावाकडे सेरीनची आई आंधळी झाली होती आणि दिवसरात्र लेकाचं नाव घेत होती. साहेबाचं म्हणणं होतं, नव्या पुलांवर माणसं पाठवा, सरकारचं ऐका, असं गावांना स्वतःच्या हातानं लिहून द्या आणि शुक्रवारच्या आगबोटीनं घरी जा.

सेरीननी तीन दिवस कुणाशी शब्द काढला नाही. शुक्रवारी सकाळी पाटीवर लिहायला बसले. साहेबानं कागद एकच दिला होता, म्हणून मजकूर आधी पाटीवर जुळवायचा होता. लिहून झालं, पाटी भिंतीला टेकवली आणि ते वजूसाठी, नमाजाआधी हातपाय धुवायला, ओढ्यावर गेले.

आत आमच्या पाचांतला बिराम तापानं फणफणला होता. दातावर दात आपटत होते. पाटी पाहिली तर अक्षरांनी गच्च भरलेली. म्हटलं, बिरामची हालत बघून सेरीननी आज मोठं औषध लिहिलंय. पाटी धुतली आणि वाडगं त्याच्या तोंडाला लावलं.

"कडू आहे रे," बिराम म्हणाला.

"औषध आहे, लग्नाचं जेवण नव्हे. पी गुमान."

तेवढ्यात मातार आला. त्यालाही दोन दिवस कसकस होती. "माझ्यासाठी दोन घोट ठेव की मेल्या," म्हणाला. ठेवले, आणि तो प्यायला. मिशा पुसत, ओढ्यावरून येणाऱ्या सेरीनना म्हणाला, "सेरीन, झालं का लिहून?"

सेरीन दारातच थांबले.

"मागात, पाटी?"

"धुतली."

"पाणी?"

"बिरामला पाजलं. उरलं ते या भल्या माणसानं घेतलं."

काय लिहिलं होतं ते सेरीननी सांगून टाकलं. गप्प बसले असते तरी भागलं असतं, आम्हाला थोडंच वाचता येत होतं. पण खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. शरण जायचीही नव्हती, म्हणून तर तीन दिवस लागले होते.

बिराम कोपरावर उठला. त्याचे दोन भाऊ त्या पुलाखाली होते. त्यानं दोन बोटं घशात घातली. ओ ओ करत राहिला, थुंकीखेरीज काही पडेना.

"जाऊ दे, गेलं ते गेलं पोटात," मी म्हटलं.

"तुझ्या पोटात गेलं असतं म्हणजे कळलं असतं," तो म्हणाला.

मातार घाईला आला होता. "सेरीन, कागद अजून कोरा आहे. चार ओळी खरडा. आई वाट बघतेय."

सेरीननी बोरू शाईत बुडवला. बिराम कसाबसा कुशीवर वळला. "लिहा सेरीन. मी तिकडे तोंड करतो."

बोरूची शाई वाळून गेली तरी सेरीन त्याच्या पाठीकडे बघत होते. मग म्हणाले, "मातार, कागद परत ने."

"साहेबाला काय सांगू?"

"लिहिलं होतं म्हणावं. तूच साक्षीदार आहेस, प्यायलायस."

आगबोट गेली. बिराम रविवारी गेला. सेरीन आणखी दोन वर्षं काढून तिथेच मातीआड झाले. मला मात्र सरकारनं सोडलं. चटईचा गुन्हा तेवढ्यात फिटला असावा.

गावी आलो तो थेट सेरीनच्या आईकडे. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि मागे घेतला. मी सगळं सांगितलं, काही गाळलं नाही.

"धुण्याआधी विचारायला तोंड नव्हतं तुला?"

"पाटी धुताना कुणी विचारत नाही, आई."

ती चाचपडत उठली, बाजरी आणि आंबट दूध पुढे ठेवलं. "जेव."

मी जेवलो. दुसऱ्या दिवशी गेलो तर कुंपणाचं दार आतून काट्यांनी बंद केलेलं होतं.